बांबूवनातील कुदळ, खत आणि मातीतला कर्ब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बांबूच्या वनाची निगा कशी राखली असता मातीतील सेंद्रिय कर्ब टिकतो आणि तिथल्या सूक्ष्मजीवांचे काय होते, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे मोठी असल्याने त्यांतील प्रश्नाचा गाभा तेवढा छापला आहे.

प्रश्न : बांबूचा कोंब एका दिवसात हातभर वाढू शकतो असे वाचले. एवढ्या वेगाने वाढणारी वनस्पती हवेतील कर्बही तेवढ्याच वेगाने मातीत साठवत असेल, असे धरून चालावे का?

उत्तर : तसे धरून चालू नये. कोंबाची वाढ डोळ्यांना दिसते, म्हणून तिलाच आपण कर्बग्रहणाचे माप समजतो. परंतु बांबू हे गवत आहे आणि त्याच्या खोडाला वृक्षाप्रमाणे वर्षागणिक जाडी चढत नाही. कोंब जमिनीतून ज्या जाडीचा निघतो त्याच जाडीचा राहतो आणि अवघ्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. या काळात त्याला स्वतःची पाने जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याचे पोषण जुन्या काठ्यांनी तयार केलेल्या आणि जमिनीखालच्या कंदांत साठवलेल्या अन्नावर होते. म्हणजेच कोंबाची ती झेप ही बहुतांशी आधीच कमावलेल्या कर्बाची एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झालेली पाठवणी असते. वन हवेतून खरोखर किती कर्ब घेते, हे वर्षभर हिरव्या राहणाऱ्या पानांवर अवलंबून असते.

मातीत कर्ब येतो तो पाचोळ्यातून, मरणाऱ्या बारीक मुळांतून आणि जिवंत मुळे पाझरवतात त्या शर्करा व सेंद्रिय आम्लांतून. तो मातीतून जातो सूक्ष्मजीवांच्या श्वसनावाटे, आणि उतारावर वाहून जाणाऱ्या मातीबरोबर. या आवक-जावकीचा हिशेब काठीच्या उंचीवरून मुळीच कळत नाही. जगभरातील मातीच्या वरच्या १ मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे आणि वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने असलेल्या कर्बापेक्षा तो बराच अधिक आहे. जगात बांबूखालील क्षेत्र सुमारे साडेतीन कोटी हेक्टर असल्याचा अंदाज आहे. एवढ्या क्षेत्रावरच्या मातीतला कर्ब दरवर्षी थोडा जरी घटला किंवा वाढला, तरी ती बेरीज दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही. म्हणून निगा राखण्याच्या पद्धतीचा प्रश्न मला काठीच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : आम्ही दरवर्षी बांबूवनाची खोल खणणी करतो, खाली उगवलेली झुडपे व तण काढून टाकतो आणि रासायनिक खत देतो. कोंब भरपूर येतात. मात्र यामुळे मातीतला कर्ब घटतो असे कोणी सांगितले. उत्पन्न वाढले तर पाचोळा आणि मुळेही वाढणार. मग कर्ब घटेल कसा?

उत्तर : आपला तर्क वरवर पाहता बिनचूक आहे आणि पुष्कळ वर्षे जाणकारांनाही तसेच वाटत होते. या प्रश्नाचा सर्वांत सखोल अभ्यास चीनच्या दक्षिण भागातील मोसो बांबूच्या वनांत झाला आहे. चीनमध्ये ६४ लाख हेक्टरांहून अधिक बांबूवने असून त्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र एकट्या मोसो जातीचे आहे. तिथे काही वने केवळ पक्व काठ्या तोडण्यापुरती हाताळली जातात, तर काही वनांत आपण करता तशी दरवर्षी खणणी, खत आणि तळझुडपांची सफाई चालते. अशी शेजारशेजारची वने घेऊन, किती वर्षे सघन मशागत झाली त्या क्रमाने त्यांची माती तपासली असता, सघन मशागतीच्या वनांत एकूण सेंद्रिय कर्ब, पाण्यात विरघळणारा कर्ब आणि सूक्ष्मजीवांच्या देहांतील कर्ब हे तिन्ही घटल्याचे झेजियांग प्रांतातील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले. आरंभीच्या वर्षांत ही घट सर्वाधिक असते.

असे होण्याचे मुख्य कारण मातीच्या घडणीत आहे. न ढवळलेल्या वनमातीत वाळू, पोयटा आणि चिकणमातीचे कण सुटे नसतात. बुरशीचे तंतू, मुळांचे पाझर आणि जिवाणूंचा चिकट स्राव यांनी ते एकत्र बांधले जाऊन त्यांचे लहान-मोठे रवे बनतात. या रव्यांच्या पोटात सेंद्रिय पदार्थाचे कण अडकलेले असतात. तिथे प्राणवायू कमी पोहोचतो, सूक्ष्मजीवांची विकरे (अन्न पचवणारी एन्झाइमे) पोहोचत नाहीत आणि त्यामुळे तो कर्ब अनेक वर्षे सुरक्षित राहतो. कुदळीने २० ते ३० सेंटिमीटर खोल खणले की हे रवे फुटतात, बुरशीचे तंतू तुटतात, हवा खेळू लागते आणि आतापर्यंत झाकलेले अन्न एकदम उघडे पडते. सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. खणणीनंतर काही आठवडे मातीतून कार्बन डायऑक्साइड अधिक निघतो आणि त्याच वेळी त्या अन्नातील नत्र मोकळे होते. कोंबांना जो तजेला येतो त्यात या मोकळ्या झालेल्या नत्राचा मोठा वाटा असतो. ठेव मोडून घरखर्च भागवावा तसा हा प्रकार आहे, आणि ठेव मोडल्याचे कोंबांच्या संख्येवरून लक्षात येत नाही.

दुसरे कारण तळझुडपांचे. बांबूच्या सावलीत उगवणारी झुडपे, नेचे आणि गवते आपल्याला निरुपयोगी वाटतात. परंतु त्यांचा पाचोळा बांबूच्या पाचोळ्याहून वेगळ्या घटकांचा असतो आणि त्यांची मुळे वेगळ्या खोलीवर वेगळे पाझर सोडतात. ती सर्व काढून टाकली की सूक्ष्मजीवांच्या ताटात वर्षभर एकच पदार्थ उरतो, शिवाय पावसाचा मारा थेट मातीवर बसतो. उतारावरच्या वनात हा दुसरा तोटा पहिल्याहून मोठा ठरू शकतो.

तिसरे कारण खताचे. युरिया किंवा अमोनियमयुक्त खत दिले की नत्राचे रूपांतर करणारे सूक्ष्मजीव अमोनियमचे नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत मातीत आम्लता सोडली जाते. दरवर्षी असे होत गेले की मातीचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता अधिक) घसरत जातो. बहुतेक जिवाणूंना सामू ५ च्या खाली जाणे मानवत नाही. तिथे आम्लता सोसणारे गट वाढतात, अमोनियमचे नायट्रेट करण्याच्या कामात जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या गटाचा वाटा वाढू लागतो आणि मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना घातक ठरते. बांबूच्या मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी झाडाला स्फुरद मिळवून देते आणि मोबदल्यात झाडाकडून शर्करा घेते. आयते स्फुरद भरपूर मिळू लागले की झाड या भागीदारीवरचा खर्च कमी करते आणि बुरशीचे तंतू विरळ होतात. मातीचे रवे बांधणारे हात त्यामुळे कमी होतात.

येथे एक सावधगिरी नोंदवतो. सघन मशागतीने सूक्ष्मजीवांची विविधता घटते असे सरसकट म्हटले जाते, परंतु अभ्यासांचे निष्कर्ष तसे एकमुखी नाहीत. काही ठिकाणी जिवाणूंच्या प्रकारांची संख्या उलट वाढलेलीही आढळली आहे. मात्र कोणते गट किती प्रमाणात आहेत ही रचना बदलते, याविषयी शंका उरलेली नाही. केवळ प्रकारांच्या संख्येवरून मातीची प्रकृती ठरवू नये, असे माझे मत आहे.

आपण काय करावे? संपूर्ण क्षेत्राची दरवर्षी खणणी थांबवावी. वनाचे पट्टे पाडून, उतार असेल तर समपातळीला धरून, तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने एकेक पट्टा खणावा आणि तोही जुने, निकामी कंद काढण्यापुरता. खत संपूर्ण जमिनीवर फेकण्याऐवजी चरात किंवा खड्ड्यात, विभागून आणि मातीने झाकून द्यावे. रासायनिक खताचा काही भाग कुजलेल्या सेंद्रिय खताने भरून काढल्यास सामूची घसरण मंदावते. कोंबांच्या आणि काठ्यांच्या वाढीच्या आड येत नसतील ती तळझुडपे राहू द्यावीत.

प्रश्न : मी मृदाशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मातीतील सेंद्रिय कर्ब वाढला म्हणजे माती सुधारली, असे आम्ही शिकतो. बांबूच्या बाबतीत याला अपवाद आहे का?

उत्तर : आहे, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. झेजियांग प्रांतातच ‘लेई’ नावाचा, कोवळ्या कोंबांसाठी लावला जाणारा बांबू आहे. याचे कोंब नैसर्गिकरीत्या वसंतात निघतात. ते ऐन हिवाळ्यात काढता यावेत म्हणून तेथील शेतकऱ्यांनी जमिनीवर भाताचे तूस, पेंढा आणि बांबूचा पाला यांचे जाड आच्छादन घालण्याची पद्धत रूढ केली. आच्छादनाचा खालचा थर कुजताना ऊब निर्माण होते, माती तापते आणि कोंब कित्येक आठवडे आधी वर येतात. याच्या जोडीला रासायनिक खतही भरपूर दिले जाते.

मातीत सेंद्रिय पदार्थाचा असा वर्षाव झाल्यावर कर्ब वाढणारच, आणि तो ठळकपणे वाढला. परंतु त्याच मातीचा सामू घसरला, स्फुरद अतोनात साठले, आच्छादनाखाली प्राणवायू कमी पडू लागला आणि अन्न व ऊब वरच्या थरात एकवटल्यामुळे बांबूचे कंद खोल जाण्याऐवजी पृष्ठभागाकडे सरकू लागले. काही वर्षांतच अशी वने खालावतात. कोंब बारीक होतात, काठ्या विरळ होतात. मातीचा अहवाल पाहणाऱ्याला कर्बाचा आकडा उत्तम दिसतो आणि वन मात्र डोळ्यांदेखत खचत असते.

याचे मर्म असे की मातीतला सगळा कर्ब एका जातीचा नसतो. अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्याच्या रूपातील कर्ब हलका आणि सुटा असतो. आच्छादन थांबले की तो झपाट्याने ओसरतो. दुसरा कर्ब चिकणमातीच्या कणांना आणि लोह-ॲल्युमिनियमच्या संयुगांना घट्ट चिकटलेला असतो. हा दुसरा कर्ब मोठ्या प्रमाणात सूक्ष्मजीवांच्या हातून गेलेला असतो. सूक्ष्मजीव पाचोळा किंवा मुळांचे पाझर खातात, त्यातला काही भाग श्वसनात खर्च करतात आणि उरलेल्यातून स्वतःचा देह घडवतात. ते मेल्यावर त्यांच्या पेशीभित्तिकांचे अवशेष मातीच्या कणांना चिकटून राहतात. खाल्लेल्यापैकी किती अंगी लागते आणि किती श्वासावाटे जाते, हे अन्नाचा प्रकार, नत्राची उपलब्धता, तापमान आणि आम्लता यांवर ठरते. आम्लतेने त्रस्त झालेल्या सूक्ष्मजीवाला जगण्यासाठीच अधिक शक्ती खर्चावी लागते आणि देह घडवण्यास थोडे उरते. म्हणून कर्ब किती आहे या प्रश्नाबरोबरच तो कोणाच्या हातून गेला आणि कुठे जाऊन बसला, हाही प्रश्न विचारावा लागतो. आपण संशोधनासाठी विषय शोधत असाल, तर एकूण कर्बाऐवजी सुटा कर्ब आणि कणांना बांधलेला कर्ब वेगवेगळा मोजण्याचे काम हाती घ्यावे. त्यातून खूप काही हाती लागेल.

प्रश्न : खणणी बंद करून दोन वर्षे झाली. माती परीक्षणात कर्बाचा टक्का जवळपास तेवढाच आला. मग एवढा संयम ठेवून उपयोग काय?

उत्तर : दोन वर्षांत एकूण कर्बाच्या टक्क्यात स्पष्ट फरक दिसावा, अशी अपेक्षाच करू नये. मातीतील मूळ साठा एवढा मोठा असतो की त्यात पडलेली वार्षिक भर नमुन्या-नमुन्यांतील तफावतीत हरवून जाते. त्यातही टक्का म्हणजे साठा नव्हे. समजा, सेंद्रिय कर्ब २ टक्के आहे, मातीची घनता १.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे आणि आपण वरचा २० सेंटिमीटरचा थर घेतला. तर हेक्टरी साठा ४८ टन होतो. तीच माती खणून भुसभुशीत केली आणि घनता १.० वर आली, तर त्याच २० सेंटिमीटरांत केवळ ४० टन भरतील, जरी कर्बाचा एक कणही कुठे गेलेला नसला. उलट खणणी थांबवल्यावर माती हळूहळू बसते आणि टक्का तोच राहूनही साठा वाढल्याचे दिसते. म्हणून घनता न मोजता केलेली तुलना फसवी असते. नमुना दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच खोलीवरून आणि काठीपासून तेवढ्याच अंतरावरून घ्यावा.

लवकर कौल देणारी मोजमापेही आहेत. सूक्ष्मजीवांच्या देहांतील कर्ब हा एकूण सेंद्रिय कर्बाच्या साधारण १ ते ५ टक्केच असतो, परंतु निगा बदलली की तो सर्वांत आधी हलतो. तो मोजण्यासाठी मातीला क्लोरोफॉर्मची धुरी देऊन सूक्ष्मजीवांच्या पेशी फोडतात आणि धुरी दिलेल्या व न दिलेल्या मातीतून निघालेल्या कर्बातील फरक पाहतात. आपल्याला ही सोय उपलब्ध नसेल, तर मातीचा वाळलेला रवा पाण्यात ठेवून तो किती वेळ टिकतो एवढे जरी खणलेल्या आणि न खणलेल्या पट्ट्यांत पडताळून पाहिले, तरी दिशा कळेल.

प्रश्न : फांद्या, शेंडे आणि पाला जाळून टाकण्याऐवजी त्यांचा बायोचार करून मातीत घालावा का?

उत्तर : जाळण्यापेक्षा केव्हाही बरे, पण सगळ्याचा बायोचार करू नये. कमी हवेत तापवून तयार केलेल्या कोळशातील कर्बाची घडण अशी असते की सूक्ष्मजीवांना तो सहज खाता येत नाही. त्याचा बराच भाग शेकडो वर्षे टिकू शकतो. आम्ल मातीत तो सामू वर आणतो, त्याच्या छिद्रांत पाणी आणि पोषकद्रव्ये धरली जातात, आणि खत दिलेल्या बांबूवनांत त्यामुळे नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जन घटल्याचे प्रयोगांत आढळले आहे. ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही, कारण १०० वर्षांच्या हिशेबात नायट्रस ऑक्साइडचा एक टन सुमारे २७३ टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. जादा नत्र घालून मातीत थोडा कर्ब वाढवला आणि त्यापायी हा वायू हवेत सोडला, तर कमावलेले सारे बुडते.

तथापि बायोचार हे सूक्ष्मजीवांचे अन्न नव्हे. त्यांना ताजा पाचोळा हवा, आणि बांबूच्या पानांत भरपूर असलेली सिलिका पुन्हा बांबूला मिळण्याचा तोच मुख्य मार्ग आहे. म्हणून पाने व बारीक डहाळ्या जागीच पसराव्यात आणि केवळ जाड, लवकर न कुजणारा भाग बायोचारसाठी वापरावा. माती मुळातच विम्ल (अल्कधर्मी) असेल, तर हा उपाय जपूनच करावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब मोजण्याची नेहमीची वॉकले-ब्लॅक पद्धत कोळशातील कर्ब पूर्णपणे पकडत नाही, तेव्हा बायोचार घातलेल्या मातीचा अहवाल वाचताना ही त्रुटी गृहीत धरावी.

प्रश्न : एवढे सगळे सांभाळण्यापेक्षा वन तसेच सोडून दिले तर माती आपोआप सुधारणार नाही का?

उत्तर : माती काही अंशी सावरेल, पण वन तसेच राहणार नाही. जुन्या काठ्या तोडल्या नाहीत तर गर्दी होते, वाळलेल्या काठ्या उभ्याच राहतात आणि नवे कोंब घटतात. मोसोसारख्या जमिनीखाली धावणाऱ्या कंदांच्या जातीत याहून गंभीर गोष्ट घडते : सोडून दिलेले वन शेजारच्या जंगलात शिरते. जपानमध्ये कोंब आणि काठ्यांची मागणी घटल्यावर बेवारस झालेल्या बांबूवनांनी असेच पाय पसरले. बांबूच्या मुळांतील मायकोरायझा मुळांच्या पेशींत शिरून राहणाऱ्या प्रकारची असते, तर ओक किंवा पाइनसारख्या वृक्षांची बुरशी मुळांभोवती वेष्टण करून राहते आणि पाचोळ्यातून नत्र मिळवण्याची तिची रीत वेगळी असते. बांबू घुसला की वृक्षांबरोबर त्यांची बुरशीही हटते आणि जमिनीखालचा सारा व्यवहार बदलतो. कर्बाचे पुढे काय होते, याची उत्तरे ठिकाणागणिक वेगळी आली आहेत. कुठे तो वाढला, कुठे घटला.

त्यामुळे दरवर्षी केवळ पक्व झालेल्या, म्हणजे चार-पाच वर्षांच्या काठ्या वेचून तोडणे आणि वनाच्या सीमेवर बाहेर पडणारे कंद छाटणे, एवढी निगा सोडू नये. तोडलेल्या काठीचा खुंट बरीच वर्षे कुजत नाही आणि नव्या कोंबांची जागा अडवून ठेवतो, म्हणून तो उपटण्यासाठी मोठा खड्डा खणावासा वाटतो. त्याऐवजी खुंट जमिनीलगत कापून त्याच्या आतल्या पेरांचे पडदे पहारीने फोडावेत आणि पोकळीत थोडे खत व माती भरावी. पावसाचे पाणी आत साचते, बुरशी शिरते आणि खुंट जागच्या जागी कुजू लागतो. पहिला पावसाळा संपला की एखादा खुंट पहारीने टोचून पाहावा. आतला भाग मऊ लागला तर शेजारची जमीन खणण्याची गरज उरत नाही.